खुंटीवरचा लाल मोजा

आमच्या कारखान्यात हातमोजे बनतात. थंडीचे नव्हेत, बागकामाचे. माती उकरताना, काटेरी झुडपं छाटताना लोक घालतात ते. कापड कापणं, बोटं शिवणं, अंगठा जोडणं, मोजा उलटून सरळ करणं, गरम लोखंडी पंजावर चढवून इस्त्री करणं, असं करत करत मोजा हॉलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचतो. हॉलमध्ये बेचाळीस बायका आणि एक उलटेमामा. मामा दिवसभर शिवलेले मोजे काठीवर चढवून उलटतात, म्हणून उलटेमामा. खरं नाव त्यांनाही आठवायला क्षणभर लागतं.

मी ऑफिसात बसते. आधी चार वर्षं मीही त्याच हॉलमध्ये अंगठे जोडत होते, पण ते जुनं झालं. माझं अक्षर चांगलं, बोलणं त्याहून चांगलं आणि राग कायम नाकावर, हे सगळं मला मान्य आहे. मालकांकडे बाहेरून कुठलाही कागद आला की ते तो माझ्या टेबलावर आणून आदळतात आणि म्हणतात, "बाई, हे तेवढं निस्तरा."

त्या दिवशी आदळलेला कागद चांगला जाडजूड होता. आमचे निम्म्याहून जास्त मोजे जी कंपनी घेते तिने पाठवलेला. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'माणसांचे हक्क आणि सामाजिक जबाबदारी'. खाली शहाण्णव प्रश्न.

"सगळीकडे होय लिहा," मालक म्हणाले.

"प्रश्न तरी वाचू का?"

"वाचा की. उत्तर होयच आहे."

मी वाचायला लागले. कामगारांना एकत्र येऊन संघटना करण्याचं स्वातंत्र्य आहे का?

"होय. डबा खायला सगळ्या एकत्रच बसतात."

कामगारांना न घाबरता तक्रार करता येईल अशी सोय आहे का?

"होय. माझ्या केबिनचं दार सदा उघडं असतं."

दार उघडं असतं हे खरं. त्याची कडी दोन वर्षांपूर्वी तुटली, ते लागतच नाही. मी होय लिहिलं.

कुणाकडून जबरदस्तीने काम करून घेतलं जातं का?

"होय," मालक म्हणाले आणि चहाचा घोट घेतला. मी डोळे वटारले तेव्हा त्यांना ठसका लागला. "नाही, नाही! तिथं नाही लिहा. अहो, मध्येच असे उलटे प्रश्न कशाला घालतात?"

असं करत आम्ही पर्यावरणाच्या पानावर आलो. पाण्याची बचत करण्यासाठी आपण काय करता? इथे मालकांची गाडी अडली. आम्ही काहीच करत नव्हतो. पण मला नुसतं होय लिहून भागवणं आवडत नाही. मी पिण्याच्या पाण्याच्या पावत्या काढल्या. वीस लिटरचा एक जार आमच्या हॉलला दोन दिवस पुरत होता. बेचाळीस बायका, दोन दिवस, एक जार. म्हणजे माणशी दिवसाला एक ग्लास. तोही काठोकाठ नाही. मी शेजारच्या छापखान्यातल्या ओळखीच्या बाईंना फोन केला. त्यांच्याकडे पंधरा माणसांना दिवसाला दीड जार लागत होता. मला इतका आनंद झाला की मी रंगीत पेनांनी आलेख काढला. छापखान्याची लाल काठी ही उंच, आणि आमची हिरवी काठी इवलीशी. खाली लिहिलं, 'आमच्या कामगार पाण्याचा थेंबही वाया घालवत नाहीत.'

मालक आलेखाकडे बघतच राहिले. "बाई, तुम्ही इथे वाया चाललात," म्हणाले. मीही तेव्हा तसंच समजत होते.

आता घरातलं सांगायला हवं. माझी नणंद आमच्याकडेच राहते. वय चाळीस, पण घरात आणि कारखान्यात सगळ्यांची बेबीच. मी ऑफिसात गेल्यावर अंगठ्याच्या मशीनवर माझ्या जागी तीच बसली, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा दसपट चांगली निघाली. अंगठा जोडणं हे हातमोज्यातलं सगळ्यात किचकट काम. कापड वळणावर वळवत वळवत शिवावं लागतं, जरा चुकलं की अंगठा तिरका उभा राहतो. आमच्याकडे हे फक्त दोघींना जमतं, आणि दुसरी अजून शिकाऊच. बेबीच्या हातचा अंगठा मात्र एकदा बघावा. लग्न तिने केलं नाही, शाळा अर्धवट सुटली, पण या एका कामात तिला तोड नाही हे तिलाही ठाऊक आहे. मशीनवर बसली की तिचा चेहरा बदलतो.

तर या बेबीला वर्षभरात तिसऱ्यांदा युरिन इन्फेक्शन झालं. ताप, थंडी, कंबर धरून बसणं. तिसऱ्या वेळी ते किडनीपर्यंत गेलं होतं. डॉक्टरीणबाई चिडल्याच. "दिवसाला तीन लिटर पाणी प्या आणि लघवी तुंबवू नका, हे मी कितीदा सांगायचं? एक महिन्याने पुन्हा तपासू. तेव्हाही हे असंच असलं तर बैठं काम बंद. मशीन सोडायची. नाहीतर किडनी जाईल, मग माझ्याकडे रडत येऊ नका."

मशीन सोडायची म्हटल्यावर बेबीचा चेहरा एवढासा झाला.

मी मग तिला धारेवर धरलं. रोज सकाळी दीड लिटरची बाटली भरून तिच्या पिशवीत घालायची आणि रोज संध्याकाळी ती भरलेलीच परत यायची.

"अगं, घशाखाली उतरवायला एवढं जड जातं का?"

"विसरले, वहिनी."

"विसरलीस? किडनी विसरेल का मग?"

"उद्या पिते."

"तू म्हणजे हट्टी, हट्टी आणि हट्टी." मग मी नवऱ्याकडे वळायचे. "तुमच्या घराण्यातच आहे हा हट्ट." नवरा शहाणा, तो पेपर वर धरायचा. मला बेबीचा इतका राग यायचा, कारण मला तिची भीती वाटत होती. भीती वाटली की मी ओरडते, दुसरं काही मला जमत नाही.

पंधरा दिवसांनी कंपनीकडून पत्र आलं. आपल्याकडील पाण्याचा वापर फारच उल्लेखनीय आहे, तो प्रत्यक्ष पाहण्यासाठी आमच्या प्रतिनिधी येत आहेत. मालकांना वाटलं बक्षीस. त्यांनी दर्शनी भिंत रंगवून घेतली, जिन्यातले भंगार डबे हलवले आणि माझा आलेख मोठा करून दारात लावला. मी ठेवणीतले कपडे इस्त्री केले.

पाहुणीबाई सकाळी दहाला आल्या. सपाट बूट, खांद्याला झोळी आणि हातात ही मोठी पाण्याची बाटली. दर चार वाक्यांमागे एक घोट. आलेखापुढे त्या बराच वेळ उभ्या राहिल्या.

"हे तुम्ही काढलंत? छान आहे. मग ही बचत कशी करता? नळांना काही बसवलंय का?"

"नाही, नळ साधेच," मी म्हटलं. "आमच्या बायकाच तशा आहेत. शिस्तीच्या."

त्यांनी हॉलमध्ये दोघीतिघींना विचारलं, पाणी पुरतं का. "भरपूर, भरपूर," सगळ्या एका सुरात म्हणाल्या. आदल्या दिवशी मीच सांगून ठेवलं होतं. बेबीने तर मान वरसुद्धा केली नाही. तिच्यापुढे बिनअंगठ्याच्या मोज्यांचा ढीग होता. पाहुणीबाई तिचे हात बघत थोडा वेळ थांबल्या, "काय सुंदर हात चालतो हो!" म्हणाल्या आणि बाटलीतला आणखी एक घोट घेतला. कापणी, शिलाई, इस्त्री सगळं बघून होईपर्यंत त्यांची बाटली संपत आली आणि जे व्हायचं ते झालं.

"बाथरूम कुठे आहे?"

"हे काय, त्या दाराबाहेर," मी म्हटलं, आणि त्या त्या दिशेने निघाल्या.

दाराशी एक खुंटी आहे. त्या खुंटीवर एक लाल हातमोजा असतो. ज्या बाईला जायचं असेल तिने तो उजव्या हातात घालून जायचं आणि परत आल्यावर टांगायचा. मोजा जागेवर नसेल तर थांबायचं. बस, एवढाच नियम. आधी बायका दोघीदोघींनी जायच्या, तिथे गप्पा रंगायच्या आणि इकडे लाइन खोळंबायची. तीन वर्षांपूर्वी ही युक्ती मी काढली. कुणी ओरडायला नको, कुणी रागवायला नको, लांबूनच दिसतं कोण गेलंय ते. मालक इतके खूश झाले की महिन्याभरात मला मशीनवरून उठवून ऑफिसात बसवलं. म्हणजे माझी आजची खुर्ची त्या मोज्यावर उभी आहे असं म्हणायला हरकत नाही.

त्या वेळी खुंटी रिकामी होती. पाहुणीबाई दाराबाहेर पाऊल टाकणार, एवढ्यात खुंटीजवळ बसणारी बोटं शिवणारी बाई मशीनवरून मान न उचलता म्हणाली, "अहो, मोजा नाहीये. थांबा."

"काय नाहीये?"

"मोजा. ती आली की मग तुम्ही. तुमच्या आधी इस्त्रीवाली आहे, तिने सकाळीच सांगून ठेवलंय."

तिची काही चूक नव्हती. तीन वर्षांत या नियमाला कुणी अपवाद केला नव्हता, खुद्द मालकांच्या बहिणीलाही तिने एकदा थांबवलं होतं. मी पुढे होऊन काही बोलणार, तर पाहुणीबाईंनी हात वर करून मला अडवलं. आणि त्या थांबल्या. आधी नीट उभ्या राहिल्या. मग भिंतीला टेकल्या. मग एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घ्यायला लागल्या. मालकांनी त्यांना करमावं म्हणून बागकामाच्या मोज्यांचा इतिहास सांगायला घेतला. गेलेली परत आली, इस्त्रीवाली गेली, तीही परत आली, आणि तिने तो लाल मोजा काढून पाहुणीबाईंच्या हातात दिला. आतून दमट, गरम. बाईंनी तो घातला आणि जवळजवळ पळतच गेल्या.

परत आल्यावर त्यांनी मोजा खुंटीवर टांगला आणि बाटलीचं झाकण घट्ट लावून ती झोळीत टाकली. मालकांनी ताजं पाणी पुढे केलं.

"नको," त्या म्हणाल्या. "आता संध्याकाळी मुक्कामावर पोचेपर्यंत मी पाणी पिणार नाही. तुमची बचत कशी होते ते कळलं मला."

त्या रागावलेल्या नव्हत्या, टोमणाही मारत नव्हत्या. जे झालं ते सांगत होत्या. मालक हसले, कारण त्यांना वाटलं हा विनोद आहे. मी हसले नाही. माझी नजर बेबीच्या मशीनकडे गेली होती. मशीनखाली तिची पिशवी, पिशवीतून डोकावणारी ती बाटली, गळ्यापर्यंत भरलेली. घरी जिला मी हट्टी म्हणून झोडपत होते, तिला इथे मीच कोंडून ठेवलं होतं.

पाहुणीबाईंनी मालकांच्या केबिनमध्ये बसून सांगितलं की ऑर्डर काही त्या लगेच काढून घेणार नाहीत. "सोडून जाणं आम्हाला सोपं आहे. पण मग या बेचाळीस जणींचं काय? तुम्ही हे कसं सुधारणार ते महिन्याभरात कळवा. आणि या वेळी फॉर्म ऑफिसातून भरू नका. हॉलमध्ये बसून, त्यांना विचारून भरा."

त्या गेल्यावर मालक येरझाऱ्या घालायला लागले. "दोन मोजे करू! लगेच. आपल्याकडे मोज्यांना काय तोटा?"

मी दाराकडे वळले.

"बरं, तीन!"

मी हॉलमध्ये गेले, खुंटीवरून तो मोजा काढला आणि चिंध्यांच्या पोत्यात टाकला. "आजपासून ज्याला जायचं त्याने जायचं," मी मोठ्याने सांगितलं. मशिनी क्षणभर थांबल्या आणि पुन्हा सुरू झाल्या. टाळ्या वगैरे काही वाजल्या नाहीत.

घरी जाताना मी बेबीला गाठलं. "मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू?"

"हेच, की मोज्यामुळे पाणी पीत नाही म्हणून."

ती चालता चालता म्हणाली, "वहिनी, तो मोजा तुझा. तुझ्या मोज्याचं कौतुक तू घरी कितीदा सांगितलंस! दादा तर पाहुण्यांनाही सांगतो. आणि तक्रार करायची तर ऑफिसात तूच बसलेली. तुझी तक्रार तुझ्याकडे कशी करणार?"

मी एवढंच म्हटलं, "उद्यापासून तरी पी."

दुसऱ्या दिवशी बाटली भरलेलीच परत आली. तिसऱ्या दिवशीही. जार अजून दोन दिवस पुरतच होता. मालकांना तर जोरच चढला. "बघा, मोजा काढला तरी कुणी उठत नाही. त्यांना गरजच नाहीये. त्या बाईंनाच जास्त लागते. पाण्याची बाटली घेऊन हिंडतात, मग दुसरं काय होणार?"

आणि माझाही राग परत नाकावर आला. आता काय अडचण आहे हिची? डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या महिन्यातले दहाच दिवस उरले होते. मी बेबीला नाही नाही ते बोलले. तुला मरायचंच असेल तर सांग, असंसुद्धा बोलून गेले. सकाळी ती कंबर धरून उठली. अंगात कणकण होती. मी नवऱ्याला तिच्याजवळ बसवलं आणि एकटीच कारखान्यात गेले.

अंगठ्याच्या मशीनवर कुणीतरी हवंच होतं. शिकाऊ मुलगी एकटी पुरी पडणार नव्हती. "मी बसते," मी मालकांना सांगितलं. "सायकल काय विसरते का माणूस?"

सायकल विसरत नसेल, अंगठा विसरतो. पहिले दहा मोजे उलटेमामांनी हळूच माझ्याकडे परत आणून ठेवले. एकाचा अंगठा करंगळीकडे बघत होता. पण अकराच्या सुमारास हात बसला, आणि मी मान खाली घालून शिवायला लागले. पाठीमागून बोटं शिवून झालेले मोजे येतच होते. दोन शिवावेत तर तीन येऊन पडायचे. पुढे मामा, त्यांच्यापुढे इस्त्रीवाल्या, त्यांच्यापुढे पॅकिंगवाल्या, सगळ्यांचे हात माझ्याकडे लागलेले. कुणी काही म्हणत नव्हतं. फक्त माझी मशीन जरा थांबली की मामांची काठी थांबायची, मग इस्त्रीची वाफ थांबायची, आणि ती शांतता मला ऐकू यायची. मी पुन्हा पॅडल दाबायचे.

डब्याच्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा मी घाईने दोन घास खाल्ले आणि परत येऊन बसले, कारण ढीग तसाच होता. तीन वाजता माझ्या लक्षात आलं की माझी जीभ टाळ्याला चिकटली आहे. सकाळपासून मी पाण्याला शिवले नव्हते. बाथरूमला गेले नव्हते. खुंटी मोकळी होती, दार उघडं होतं, मला अडवायला जगात कुणी नव्हतं, शिवाय मी ऑफिसातली बाई. तरी मी उठले नव्हते. पोटात दुखत होतं आणि मी मनात म्हणत होते, एवढा ढीग संपू दे, मग जाते.

ढीग संपत नाही. सुट्टी होईपर्यंत तो संपत नाही. मला हे चार वर्षं माहीत होतं आणि तीन वर्षांच्या खुर्चीत मी ते साफ विसरले होते.

मी घरी गेले तेव्हा बेबी उशाला टेकून बसली होती. ताप उतरला होता. मी पायातल्या चपलाही काढल्या नाहीत.

"बेबे, आज मी तुझ्या मशीनवर बसले होते."

"अंगठे सरळ आले का?"

"ते सोड. मी दिवसभरात एकदाही उठले नाही."

"का? मोजा तर काढलास ना तू?"

"ढीग होता."

बेबी हसली नाही, आणि मला बोलून दाखवलंही नाही. नुसती मान हलवली. मग मीच म्हटलं, "माझं चुकलं. मोज्याचंही चुकलं आणि इतके दिवस तुला बोलले त्याचंही. तू हट्टी नाहीस. मीच मूर्ख आहे." आणि मला रडू फुटलं. दारात उभा असलेला माझा नवरा पेपर शोधायला लागला.

दुसऱ्या दिवशी मी मालकांच्या केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं.

"अंगठ्यावर तिसरी बाई हवी. काम दोघींचंच, पण तिसरी फिरती. एक उठली की ही तिच्या जागी बसेल. आणि बोटं शिवणाऱ्यांनी ढीग टाकायचा नाही. टोपली ठेवू, टोपली भरली की थांबायचं."

"थांबायचं? अहो, ऑर्डर कधी जाणार मग? आणि तिसरी बाई आणायची कुठून? अंगठा जमतो कुणाला?"

"पॅकिंगमधल्या एकीला बेबी शिकवेल. ती शिकेपर्यंत मी बसेन. सकाळी दोन तास, दुपारी दोन तास."

"आणि ऑफिसचं काम?"

"तुम्ही करा. सगळीकडे होयच लिहायचं असतं."

मालकांनी डोळे बारीक केले. "आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर फॉर्ममध्ये तेही लिहीन. पाण्याचा आलेख मी काढला होता, आता खरं काय ते मीच लिहिणार. खाली तुमची सही लागते, माझीही लागते. मी माझी देणार नाही."

मला वाटलं आता नोकरी गेली. मी टेबलाला घट्ट धरून ठेवलं होतं. मालक मुळात वाईट माणूस नाहीत. फक्त त्यांनी आयुष्यात कधी अंगठा जोडला नव्हता. ते उठले, तडक हॉलमध्ये गेले आणि म्हणाले, "मला त्या मशीनवर बसू द्या जरा." शिकाऊ मुलगी घाबरून उठली. त्यांनी अर्ध्या तासात तीन मोजे शिवले. तिसऱ्याला दोन अंगठे होते. त्यांच्यामागे ढीग कमरेएवढा झाला. ते उठले तेव्हा बायका मान खाली घालून हसत होत्या, आणि त्यांच्या शर्टाची पाठ घामाने ओली झाली होती. "आठवडाभर करून बघू," एवढंच म्हणाले.

फॉर्म या वेळी हॉलमध्ये बसून भरला. शहाण्णव प्रश्नांना चार दिवस लागले, कारण एकदा बोलायला लागल्यावर बायका थांबेनात. संघटनेच्या प्रश्नाला इस्त्रीवाली म्हणाली, "डबा एकत्र खाणं म्हणजे संघटना का? मग आमच्या घरी रोजच मोर्चा निघतो." आम्ही तिथे 'अजून नाही' लिहिलं. इतकी 'नाही' झाली की मालकांनी पानं उलटायचंच सोडून दिलं, पण सही केली. पाहुणीबाईंचा फोन आला. हा फॉर्म आपण दोनदा वाचला, म्हणाल्या. ऑर्डर कायम राहिली आणि सहा महिन्यांनी त्या पुन्हा येणार आहेत.

पण बेबीचं उठणं एवढं सोपं नव्हतं. टोपली होती, मी पाठीशी उभी होते, तरी ती उठायची नाही. पहिले दोन दिवस तर मी तिला खांद्याला धरून स्टुलावरून ढकललं. ती जायची आणि ओला हात पुसतच धावत यायची. मग मी घरून निघताना तिला बजावायला लागले की पळालीस तर माझ्याशी गाठ आहे. तरी ती मागे वळून टोपलीकडे बघत बघतच जायची.

महिना भरला त्या सकाळी आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. रिपोर्ट त्यांनी दोनदा बघितला, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा बघितला. "स्वच्छ आहे," म्हणाल्या. "मशीन चालू ठेवायला माझी हरकत नाही. असंच राहिलं पाहिजे मात्र." मी तिथल्या तिथे बेबीला मिठी मारली. ती अवघडली. "अगं वहिनी, लोक बघतात."

दुपारी आम्ही दोघी कामावर आलो. मी बाजूच्या स्टुलावर बसून निगुतीने एक मोजा उसवत होते. टोपली निम्म्याच्या वर भरलेली होती. मामांच्या हातात काठी, इस्त्रीवाल्या पुढच्या मोज्याची वाट बघत होत्या. आणि मशीन थांबली. बेबी उठली. माझ्याकडे बघितलं नाही, मालकांकडे बघितलं नाही, टोपलीकडेही नाही. कुणाला न विचारता सरळ दारातून बाहेर गेली.

मी घाईघाईने तिच्या जागी बसले. दोन अंगठे जोडले, दोन्ही तिरके. ती परत आली, हात पुसत, सावकाश चालत. माझ्या खांद्यावरून वाकून तिने माझी शिलाई बघितली आणि 'च्च' केलं. मग म्हणाली, "किती मिनिटं लागली मला?"

मी बघितलं नाही असं सांगणार होते. तोंडापर्यंत आलं होतं.

"नऊ," मी म्हटलं.

"मोजलीस ना?"

"मोजली गं. सवय आहे. मोडायला वेळ लागेल."

बेबीने मला कोपराने बाजूला सारलं, स्वतःच्या जागेवर बसली आणि माझा पहिला तिरका अंगठा उसवायला घेतला.

"उद्या दहा लावते," ती म्हणाली.